जमिनीचें पांघरूण

कोंकणांतील एखाद्या देवराईच्या कडेला उभें राहिलें असतां विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. एका बाजूस दाट झाडी व पायाखालीं मऊ, काळसर माती. दुसऱ्या बाजूस, अवघ्या शंभर पावलांवर, उघडा उतार आणि तांबडी, टणक जमीन. पाऊस तोच, ऊनहि तेंच. मग हा भेद कां पडावा?

कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं चार महिन्यांत १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या जमिनीवर प्रत्येक थेंब हातोडीसारखा आदळून मातीचे कण सुटे करतो. ते कण छिद्रांत बसले, कीं वर कठीण पापुद्रा धरतो आणि पाणी न मुरतां माती घेऊन ओढ्याकडे धांवतें. झाडीखालीं हा मारा पालापाचोळा झेलतो. मुळांच्या व गांडुळांच्या वाटांनीं पाणी खोल उतरतें आणि पुढें झऱ्यांच्या रूपानें सावकाश बाहेर येतें.

अरण्य दाट, म्हणून खालची जमीन कसदार, ही समजूत मात्र उष्ण प्रदेशांत बहुधा खोटी ठरते. उष्णता व ओलावा यांमुळें पाचोळा झपाट्यानें कुजतो आणि त्यांतील अन्नद्रव्यें मुळें लागलींच शोषून घेतात. खरी ठेव असते ती झाडांत व मातीच्या वरच्या थरांत. झाडी तोडून जाळली, तर राखेच्या जोरावर एकदोन पिकें चांगलीं येतात. नंतर चुना, पालाश इत्यादि द्रव्यें पाण्याबरोबर निघून जातात. दीर्घकाळ चाललेल्या अशाच धुपीनें लोह व ॲल्युमिनियम यांचा अंश मागें उरून जांभा बनला आहे. १८०७ सालीं फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनीं मलबारांतील अंगाडिपुरम् येथील या दगडास 'लॅटेराइट' हें नांव दिलें, तें विटेच्या लॅटिन नांवावरून. कारण तो खाणींत मऊ असतो व हवेंत वाळून घट्ट होतो.

कोणतेंहि झाड लावलें म्हणजे काम झालें, असेंहि नाहीं. सागाच्या रुंद पानांवरून मोठे थेंब उंचावरून पडतात. खालीं झुडपें नसलीं व पाचोळा वणव्यांत जळाला, तर सागाच्या राईंतहि माती वाहून जाते.

भाताच्या राबासाठीं टहाळ तोडणाऱ्या शेतकऱ्याची गरज खरी आहे. परंतु फांदी छाटावी आणि खोड राखावें, यांतच त्याचें हित आहे. कारण वाहून गेलेला मातीचा एक इंच थर पुन्हां तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात.