यंत्रांचे खेळ (भाग 7) : लाकडी नंदी औताला

मुलांच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदीची सजावट बघतात, बक्षीस देतात. औताला त्याला कुणी जुंपत नाही. मोटार प्रदर्शनातल्या कॉन्सेप्ट कारचं असंच. फिरत्या चबुतऱ्यावर ती दिमाखात उभी असते, पण अनेकदा आत इंजिनच नसतं, किंवा असतं ते ट्रकमधून उतरून जागेवर येण्यापुरतं. शोरूममधल्या गाड्या मोजूनमापून व्हिडिओ गेममध्ये कशा आणतात ते गेल्या भागात पाहिलं. पण जी गाडी कारखान्यातून निघालेलीच नाही, ती गेममध्ये पळते कशी?

सोनीच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ मालिकेने तर अशा गाड्यांना समोर ठेवून एक वेगळा गेमच काढला. 2001 च्या टोकियो मोटर शोमधल्या गाड्या घेऊन ‘ग्रॅन टुरिस्मो कॉन्सेप्ट’ 2002 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला. प्रदर्शनात दोरीपलीकडून बघायची गाडी घरी बसून हाकता येऊ लागली.

बाहेरचं रूप उतरवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण डिझायनरने ते संगणकावर आखलेलंच असतं. खरी पंचाईत पुढे. गाडीचं वजन किती, त्यातलं पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या किती, कुठल्या फेऱ्यांना इंजिनचा जोर किती, टायर कधी घसरणार, हे सगळं आकड्यांत लागतं. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या गेममध्ये हा हिशेब सेकंदाला 360 वेळा होतो. त्यात एकही रकाना कोरा चालत नाही. कंपनीने आकडा दिला नाही, तर गेम बनवणाऱ्याला तो अंदाजाने ठरवावा लागतो. म्हणून ‘अमुक कॉन्सेप्ट कार काय वळते!’ असं पोरं म्हणतात, तेव्हा ती दाद थोडी त्या अंदाजाचीही असते. माझ्या मते गेम इथे प्रदर्शनापेक्षा कडक परीक्षक आहे. चबुतऱ्यावर नुसतं देखणं असून भागतं. इथे वळावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण टाटा मोटर्सचं. मार्च 2017 मध्ये जिनिव्हाला कंपनीने ‘टॅमो रेसमो’ दाखवली. दोन माणसांची, पंखांसारख्या वर उघडणाऱ्या दारांची, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन सीटच्या मागे, ताकद 190 पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. ‘फोर्झा होरायझन 3’ या एक्सबॉक्सच्या गेममध्ये ती डिजिटल रूपात उतरणार, हेही तेव्हाच जाहीर झालं. गाडी विकत घेण्याआधी पोरांनी ती हाकून बघावी, हा हिशेब मला हुशारीचा वाटला. पुढे रेसमो विक्रीला काही आली नाही.

आता नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात या. इथे त्याच कंपनीची दुसरी गाडी पावलोपावली दिसते: 2005 साली आलेली एस, म्हणजे आपला छोटा हाथी. रेसमोची लांबी 3,835 मिलिमीटर, पहिल्या एसची 3,800. फरक जेमतेम दीड इंचाचा! बाकी मात्र जमीन-अस्मान. एसचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन 702 सीसीचं, ताकद 16 अश्वशक्ती.

गंमत अशी की, गेमच्या गणिताला छोटा हाथी जास्त जड जाईल. रेसमोचं वजन जागच्या जागी राहतं. छोट्या हाथीच्या हौद्यात सुटी संत्री भरली, की प्रत्येक वळणाला माल बाजूला सरकतो, त्यासोबत गुरुत्वमध्यही. येताना भरलेली आणि जाताना रिकामी गाडी म्हणजे दोन वेगळ्या गाड्याच. ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतरही वेगळं. शर्यतीच्या गेमवाल्यांनी एकदा हे करून बघावं. पहिला क्रमांक वेगाला नको, कमीत कमी संत्री सांडणाऱ्याला द्यावा.

पुढच्या भागात : खड्ड्याचा हादरा हातातल्या कंट्रोलरपर्यंत पोहोचतो कसा?