शरीराची साक्ष

जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे वितळवणारा कामगार दिवसभर भट्टीजवळ उभा असतो. त्याला ताप नसतो, कोठे जखमही दिसत नाही. तरीही श्वासावाटे आणि न धुतलेल्या हातांवाटे शिशाचे सूक्ष्म कण त्याच्या शरीरात शिरत असतात. पोटदुखी, रक्तक्षय, हातांतील शक्ती कमी होणे ही लक्षणे पुष्कळदा उशिरा प्रकट होतात. त्यापूर्वीच धोका ओळखण्याच्या पद्धतीला ‘जैविक निरीक्षण’ म्हणतात.

कारखान्यातील हवा तपासली, की सभोवती किती विष आहे ते कळते. त्यातील किती शरीरात गेले, हे मात्र रक्त, लघवी, केस अशा नमुन्यांवरून समजते. एकाच छपराखाली काम करणाऱ्या दोघांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वेगळे असू शकते. एक जण हात धुऊन जेवतो, दुसरा कामाच्या जागीच विडी ओढतो. एवढ्यानेही फरक पडतो.

प्रत्येक धातूसाठी योग्य नमुना निवडावा लागतो. शिशासाठी रक्त तपासतात. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण हाडांत साठलेले शिसे अनेक वर्षे टिकते. कॅडमियम मूत्रपिंडात साचते, म्हणून लघवीतील त्याच्या प्रमाणावरून दीर्घकाळच्या संपर्काचा अंदाज येतो. पाऱ्याच्या वाफेसाठी लघवी, तर माशांतून आलेल्या पाऱ्यासाठी रक्त किंवा केस उपयोगी पडतात.

हा प्रश्न केवळ कामगारांपुरता नाही. कारखान्यांचे सांडपाणी नाल्यांत मिसळते आणि विष वस्तीपर्यंत पोहोचते. लुधियाना शहरातून वाहणारा बुड्ढा नाला पुढे सतलज नदीला मिळतो. हा आणि पंजाबातील इतर नाले यांच्या काठच्या लोकांची पाहणी चंदीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी केली. २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणी, भाजीपाला व चारा यांबरोबरच जनावरांचे दूध आणि मातांचे दूधही तपासले गेले. भूजलात व नळाच्या पाण्यात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले. नाल्यांकाठी गर्भपात व अकाली प्रसूतीही अधिक दिसल्या. अशा पाहणीतून संबंध लक्षात येतो. नेमके कारण सिद्ध करण्यासाठी आणखी तपास लागतो.

शिशाची पूर्णपणे सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. म्हणून तपासणीचा अहवाल कामगाराला समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे. अहवाल पाहून केवळ त्या कामगारास कामावरून दूर केले, तर त्याची रोजी जाते आणि विषारी धूर तसाच राहतो. धूर ओढून घेणारी यंत्रणा, हात धुण्याची व जेवणाची वेगळी सोय आणि सांडपाण्याची शुद्धी झाली, तरच रक्ताच्या त्या थेंबाने दिलेली सूचना कामी आली असे म्हणता येईल.