विटांत जपलेला इतिहास : ताइनानचे आनपिंग

तैवानला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा ताइपेई हे राजधानीचे शहर पाहून परततो. बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावरील ताइनान हे तैवानचे सर्वांत जुने शहर मात्र त्याच्या नजरेतून निसटते. दोनशेहून अधिक वर्षे या बेटाचा कारभार ताइनानमधूनच चालला. शहराच्या पश्चिमेकडील आनपिंग हा भाग तर तैवानच्या लिखित इतिहासाचा आरंभबिंदू मानला जातो. एका दिवसात पायी किंवा सायकलने पाहता येईल अशा या छोट्या परिसरात डच, चिनी, ब्रिटिश, जर्मन आणि जपानी अशा अनेकांच्या पाऊलखुणा सापडतात.

वखारीपासून किल्ल्यापर्यंत

सतराव्या शतकात पूर्वेकडील व्यापारावर पकड मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनी धडपडत होती. कोकणात वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच ही कंपनी. पेंगू बेटांवरून चिनी फौजांनी हुसकावल्यानंतर १६२४ मध्ये डच आनपिंगच्या वाळूच्या दांड्यावर उतरले. या दांड्याला त्या काळी 'तायोवान' म्हणत. 'तैवान' हे नाव त्यावरूनच आले, असे मानले जाते. येथे उभारलेल्या किल्ल्याला १६२७ मध्ये झीलँडिया हे नाव मिळाले आणि १६३४ मध्ये त्याचे मुख्य बांधकाम पूर्ण झाले. चीनचे रेशीम व चिनी मातीची भांडी, जपानची चांदी, तैवानची साखर व हरणांची कातडी यांचा व्यापार या किल्ल्याच्या आश्रयाने चाले.

किल्ल्याच्या विटा सांधण्यासाठी साखरेचे पाणी, चिकट तांदळाची पेज, वाळू आणि शिंपल्यांचा चुना यांचे मिश्रण वापरले गेले. महाराष्ट्रातील जुन्या बांधकामांत चुना मळताना गूळ घालण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

एप्रिल १६६१ मध्ये मिंग घराण्याशी एकनिष्ठ असलेला सेनानी झेंग चेंगगाँग, अर्थात कॉक्सिंगा, सुमारे २५,००० सैनिक घेऊन या किनाऱ्यावर आला. चिनी व्यापारी पिता आणि जपानी माता यांच्या या पुत्राचा जन्म जपानमध्ये, डच तैवानात उतरले त्याच १६२४ साली झाला होता. सुमारे नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर १ फेब्रुवारी १६६२ रोजी डच गव्हर्नर फ्रेडरिक कोयेट याने शरणागती पत्करली. डचांना सुखरूप जाऊ देण्यात आले. परंतु किल्ला गमावल्याबद्दल कोयेटवर त्याच्याच कंपनीने बटाव्हियात खटला चालवून त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. विजयी कॉक्सिंगाही त्याच वर्षी मरण पावला. आपल्या मूळ गावाच्या स्मरणार्थ त्याने या जागेला दिलेले 'आनपिंग' हे नाव मात्र टिकून राहिले.

खरे काय आणि नंतरचे काय

आज किल्ल्यात शिरताच लाल विटांचे चढत्या टप्प्यांचे चौथरे आणि पांढरा टेहळणी मनोरा लक्ष वेधून घेतात. पर्यटकांच्या छायाचित्रांत हेच दृश्य असते. पण ते डचांच्या काळातील नाही. चौथऱ्यांचे सध्याचे रूप जपानी राजवटीत (१८९५-१९४५) घडले आणि मनोरा त्याहूनही नंतरचा आहे. अस्सल डच अवशेष पाहायचे असल्यास बाहेरच्या कोटाची, वडाच्या मुळांनी वेढलेली उंच भिंत आणि अर्धवर्तुळाकार बुरुजाचे उरलेले अवशेष शोधावे लागतात. अनेक पर्यटक त्यांच्यासमोरून न थांबता निघून जातात.

मूळ किल्ला गेला कुठे, याचे उत्तर दोन-तीन किलोमीटरवरील दुसऱ्या किल्ल्यात मिळते. १८७१ मध्ये र्‍यूक्यू बेटांवरील खलाशांची तैवानच्या दक्षिण भागात हत्या झाली. त्याचे निमित्त करून जपानने १८७४ मध्ये तैवानवर स्वारी केली. तेव्हा छिंग दरबाराने पाठवलेल्या शेन बाओझेन या अधिकाऱ्याने फ्रेंच अभियंत्यांच्या मदतीने चौकोनी आकाराचा, चार कोपऱ्यांना बुरुज आणि भोवती खंदक असलेला तोफखाना बांधला. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूसाठी झीलँडियाच्या पडक्या किल्ल्यातील विटा वापरण्यात आल्या. तिच्या प्रवेशद्वारावर शेन बाओझेनच्या हस्ताक्षरातील 'कोट्यवधी वर्षांचा सुवर्णदुर्ग' अशा अर्थाची चार अक्षरे आहेत. त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांत संपूर्ण तैवान जपानच्या ताब्यात गेला. बुरुजांवरील मोठ्या तोफा आज प्रतिकृतींच्या रूपात उभ्या आहेत.

व्यापारी कोठी आणि झाडाचे घर

१८५८ च्या तियानजिन तहानंतर आनपिंग बंदर पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना खुले झाले. साखर आणि कापूर यांच्या व्यापारासाठी येथे पाच परदेशी पेढ्या स्थापन झाल्या. त्यांपैकी टेट अँड कंपनी या ब्रिटिश पेढीची कमानदार व्हरांड्याची पांढरी कोठी आणि ज्युलियस मानिख या जर्मन पेढीची कोठी आजही पाहता येतात.

टेटच्या कोठीमागील गोदामे जपानी काळात मिठाच्या व्यवसायासाठी वापरात होती. पुढे ती ओस पडली आणि वडाच्या कुळातील झाडांनी त्यांचा ताबा घेतला. मुळे भिंतींवरून उतरली, फांद्यांनी छपराची जागा घेतली. झाडे तोडून गोदाम वाचवता आले असते. परंतु नगर प्रशासनाने दोन्ही एकत्रच जपण्याचा मार्ग निवडला. फांद्यांच्या वरून जाणारे लाकडी पूल बांधून 'आनपिंगचे वृक्षगृह' लोकांसाठी खुले करण्यात आले.

हरवलेला समुद्र, उरलेले रस्ते

किल्ला समुद्रकाठी होता, तर आज त्याच्याभोवती घरे कशी, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. किल्ला आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पूर्वी ताइजियांग नावाचे विस्तीर्ण खाजण होते. १८२३ च्या वादळी पुरात नदीने प्रवाह बदलला, गाळ साचला आणि खाजणाची जमीन झाली. बंदराचे वैभवही हळूहळू ओसरले.

किल्ल्यालगतचा यानपिंग रस्ता तैवानमधील सर्वांत जुना रस्ता म्हणून ओळखला जातो. १९९० च्या दशकात रुंदीकरणासाठी त्याच्या दुतर्फा असलेली अनेक जुनी घरे पाडण्यात आली. त्याविरुद्ध आवाज उठूनही ती वाचली नाहीत. त्यामुळे जुन्या आनपिंगचा अनुभव घ्यायचा असेल तर आजूबाजूच्या अरुंद गल्ल्यांत शिरावे. तेथील दारांवर तोंडात तलवार धरलेल्या सिंहाचे मुख दिसते. कॉक्सिंगाचे सैनिक घरी परतल्यावर सिंहमुखी ढाल व तलवार दाराशी टांगत, त्यावरून ही प्रथा पडली, असे सांगितले जाते. जवळच समुद्रदेवता माझूचे मंदिर आहे. धूप लावून हात जोडणाऱ्या भाविकांची गर्दी पाहून भारतीय पाहुण्यांना आपल्या गावातील देवळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

प्रवासाविषयी

ताइपेईहून द्रुतगती रेल्वेने सुमारे पावणेदोन तासांत ताइनानच्या स्थानकावर पोहोचता येते. हे स्थानक शहरापासून दूर असल्याने तेथून जोडगाडीने शहरात आणि पुढे बसने आनपिंगला जावे. जुलै ते सप्टेंबर हा चक्रीवादळांचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कोरडे, सौम्य हवामान फिरण्यास सोयीचे. येथील कोळंबीचे रोल आणि सोयाबीनच्या दुधाची गोड, मऊ खीरवडी प्रसिद्ध आहे. शाकाहारी प्रवाशांना बौद्ध परंपरेतील शाकाहारी भोजनालये उपयोगी पडतात. तैवानचे चलन 'न्यू तैवान डॉलर' असून लहान दुकानांसाठी थोडी रोख रक्कम जवळ ठेवणे श्रेयस्कर.

किल्ला पाहताना केवळ मनोऱ्यावर चढून परतू नये. बाहेरच्या त्या जुन्या भिंतीजवळ क्षणभर थांबावे. ज्या विटा येथून गेल्या नाहीत, त्या तिथे अजून उभ्या आहेत.