सिप्रो आणि तिचे सोबती

लघवीला जळजळ होते म्हणून एखादी बाई डॉक्टरांकडे जाते. लघवीची तपासणी होते आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली जाते. रक्त कमी असल्याने लोहाची गोळी आधीपासून चालू असतेच. हाडांसाठी कॅल्शियम असतं, आणि अँटिबायोटिकने पोटात आग पडेल म्हणून ॲसिडिटीचं पातळ औषध ती स्वतःच घरातल्या कपाटातून काढते. जेवण झालं की सगळं एकदम घेऊन टाकायचं, म्हणजे विसरायला नको!

गोंधळ होतो तो इथेच. सिप्रोला धातूंचं भारी आकर्षण. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांपैकी कुणीही पोटात भेटलं, की ती त्याला घट्ट चिकटते. मग ही जोडगोळी आतड्यातून रक्तात नीट शिरू शकत नाही आणि शौचावाटे बाहेर पडते. ॲसिडिटीच्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच असतं, त्यामुळे त्याच्याबरोबर घेतलेली सिप्रो बरीचशी वाया जाते. दुधाने किंवा दह्यानेही सुमारे एक तृतीयांश औषध कमी पोचतं. जुलाबात दहीभात खायची आपली पद्धत चांगलीच आहे. फक्त गोळी ताकाच्या घोटाबरोबर गिळू नका. साधं पाणी घ्या.

औषध कमी पोचलं की जंतू पुरते मरत नाहीत. चार दिवसांनी जळजळ परत येते आणि आपण म्हणतो, ‘गोळी लागू पडली नाही.’ मग आणखी जोरकस औषध सुरू होतं आणि उरलेले जंतू अधिक निबर होतात.

उपाय घड्याळात आहे. सिप्रो अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. सकाळी ८ आणि रात्री ८ या सिप्रोच्या वेळा धरल्या, तर लोह-कॅल्शियम सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान किंवा रात्री १० नंतर बसतं. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावरही नजर टाका. पुष्कळदा त्यात झिंक असतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्यांना मात्र हे बंधन नाही.

काही सोबती असे आहेत की वेळ बदलून भागत नाही. काही औषधं यकृतात मोडली जातात आणि सिप्रो ते काम मंद करते. मग नेहमीचाच डोस अंगात साचत जातो. दम्याचं थिओफिलिन असं साचलं तर छाती धडधडते, झटकेही येऊ शकतात. कंबरदुखीच्या गोळ्यांत टिझानिडिन असेल तर रक्तदाब एकाएकी घसरतो. ही दोन औषधं एकत्र घ्यायचीच नाहीत. वेदनाशामकाच्या जोडगोळीत ते लपलेलं असतं, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायचं, किंवा दुकानदाराला वाचायला लावायचं. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच वाटेने जातं. सिप्रो चालू असताना रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल, तर संध्याकाळचा चहा बंद करून बघा.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रक्ताची तपासणी लवकर करावी लागते, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडबरोबर साखर अचानक खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, तर आधी साखर खा आणि मग डॉक्टरांना फोन करा. आणि स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा साठी ओलांडलेल्या माणसाची टाच मागच्या बाजूला दुखू लागली, तर ती चालण्यामुळे दुखते असं समजून तेल चोळत बसू नये. तिथला स्नायूबंध तुटण्याची ती पूर्वसूचना असू शकते. पुढची गोळी घेण्याआधी पायाला विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना कळवावं.