जुन्या फोनला नवी कार्यप्रणाली

घरातल्या टेबलाचा खण एकदा उघडून पाहा. जुन्या किल्ल्या, संपलेली पेने आणि तुटलेले चश्मे यांच्यात एखादा जुना स्मार्टफोन पडलेला सापडेल. त्याचा पडदा शाबूत असतो, कॅमेरा चालतो, बॅटरीही बऱ्यापैकी टिकते. तरी घरातली माणसे म्हणतात, "हा फोन आता कामाचा राहिला नाही." का, असे विचारले तर सांगतात, "नवी अ‍ॅप यात चालतच नाहीत."

मग हा फोन बिघडला आहे का? नाही. त्याचे यंत्र ठीक आहे. जुनी झाली आहे ती त्याची कार्यप्रणाली.

कार्यप्रणाली म्हणजे काय? कल्याण स्टेशनाचे उदाहरण घ्या. मुंबईहून येणारे रेल्वेमार्ग इथे दुभंगतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, कोणती थांबवायची, कोणती आधी सोडायची, हे सारे स्टेशनातली व्यवस्था ठरवते. ही व्यवस्था बंद पडली, तर रूळ आणि गाड्या चांगल्या असूनही सगळे ठप्प होईल. फोनमध्ये हेच काम कार्यप्रणाली करते. पडदा, कॅमेरा, स्पीकर आणि अ‍ॅप यांचा मेळ ती घालते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये 'अँड्रॉइड' नावाची कार्यप्रणाली असते.

फोन बनवणारी कंपनी काही वर्षे त्याच्या कार्यप्रणालीत सुधारणा करते. चोरांना आत शिरता येईल अशा वाटा सापडल्या, की त्या बुजवते. पुढे कंपनीचे लक्ष नव्या फोनकडे वळते आणि जुन्या फोनला सुधारणा मिळणे थांबते. त्याचा तोटा आपल्या भाषांनाही होतो. पडद्याची सगळी मांडणी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे करण्याची सोय अँड्रॉइडच्या 4.2 या आवृत्तीत 2012 साली आली. मराठीचा पर्याय 2014 सालच्या 5.0 या आवृत्तीत आला. त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलेल्या फोनला या सोयी कशा मिळणार?

यावर एक उपाय आहे. अँड्रॉइडचा मूळ आराखडा 2008 सालापासून सर्वांसाठी खुला आहे. तो कोणीही वाचू शकतो, त्यात बदल करू शकतो. 2009 साली स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी तंत्रज्ञाने आपल्या फोनसाठी त्यात बदल केले आणि ते लोकांना मोफत दिले. त्या प्रणालीचे नाव 'सायनोजेनमॉड'. पुढे अनेक देशांतील स्वयंसेवक तिच्यावर काम करू लागले. अशा बदललेल्या प्रणालीला 'कस्टम रॉम' म्हणतात. 'रॉम' म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती. फोनची प्रणाली अशा स्मृतीत ठेवत, त्यावरून हे नाव पडले.

आपल्या देशातही ही प्रणाली आली. मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने 'यू' या नावाने नवे फोन काढले. त्यांतला पहिला फोन 'युरेका' डिसेंबर 2014 मध्ये जाहीर झाला. त्यात सायनोजेनमॉडवरूनच तयार केलेली 'सायनोजेन' प्रणाली होती. ती बनवणाऱ्या कंपनीने 2016 च्या डिसेंबरअखेर आपल्या सेवा बंद केल्या. आता हे फोन वाऱ्यावर पडले, असे वाटले असते. पण आराखडा खुला होता. स्वयंसेवकांनी तेच काम 'लिनिएज' या नव्या नावाने पुढे चालू ठेवले. युरेकासाठीही लिनिएजची आवृत्ती निघाली. काम सर्वांसाठी खुले असले, की एक कंपनी थांबली तरी ते थांबत नाही.

आता ही प्रणाली फोनमध्ये कशी घालतात ते पाहू.

पहिली पायरी म्हणजे फोनची नेमकी ओळख. डोंबिवली स्टेशनाचा नकाशा घेऊन कल्याणच्या गाड्या चालवता येतील का? तसेच एका फोनची प्रणाली दुसऱ्या फोनला चालत नाही. म्हणून प्रत्येक फोनला तंत्रज्ञांमध्ये एक सांकेतिक नाव असते. युरेकाचे नाव 'टोमॅटो' होते आणि त्याच कंपनीच्या 'युनिक' या फोनचे 'जलेबी'! नावे ऐकून हसू येईल, पण जलेबीची प्रणाली टोमॅटोत घातली तर हसण्याची वेळ राहणार नाही. चुकीच्या प्रणालीने फोन कायमचा बंद पडू शकतो. दुकानदार त्याला 'ब्रिक झाला' म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट.

दुसरी पायरी म्हणजे आपल्या माहितीची प्रत. छायाचित्रे, नंबर, आवाजाच्या नोंदी, सगळे संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यावे. मग ती प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच.

तिसरी पायरी कुलपाची. फोन सुरू होताना सर्वांत आधी 'बूटलोडर' नावाची छोटी आज्ञावली जागी होते. ती पहारेकरी असते. कंपनीच्या प्रणालीशिवाय दुसऱ्या कोणाला ती आत सोडत नाही. हे कुलूप उघडण्याची सोय काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. कुलूप उघडताच फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. हे मुद्दाम केलेले असते. नाहीतर चोराने कुलूप उघडून तुमची छायाचित्रे पाहिली असती.

इथे माझा एक अनुभव सांगते. माझ्या जुन्या फोनमध्ये मी नवी प्रणाली घालायला बसले. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. ती मी अर्धवट वाचली आणि 'होय' निवडले. त्या फोनमध्ये माझ्या अब्बांनी आजारपणात पाठवलेले आवाजी निरोप होते. "जेवलीस का, शाळेतून आलीस का", इतकेच त्यांत असायचे. अब्बा आता नाहीत आणि ते निरोपही उरले नाहीत. चूक फोनची नव्हती. सूचना स्पष्ट होती. मी दुसरी पायरी वगळली होती.

चौथी पायरी म्हणजे उतरवलेल्या प्रणालीची तपासणी. प्रणालीसोबत 64 अक्षरे व अंकांची एक ओळ दिलेली असते. तो तिचा ठसाच समजा. आपल्याकडे आलेल्या प्रतीचा ठसा संगणकावर काढून दोन्ही ओळी ताडून पाहाव्यात. प्रत जरा जरी बदललेली असली, तरी ठसा वेगळा येतो. अशी प्रत वापरू नये.

मग फोन पुरेसा चार्ज करून केबलने संगणकाला जोडतात. 'रिकव्हरी' नावाची मदतनीस आज्ञावली घालतात आणि तिच्या मदतीने जुनी प्रणाली पुसून नवी बसवतात. काम चालू असताना केबल काढायची नाही. नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ घेते. तेव्हा घाबरून बटणे दाबू नयेत.

आता मर्यादाही लक्षात घ्या. कुलूप उघडलेला फोन बँकांच्या अनेक अ‍ॅपना सुरक्षित वाटत नाही. ती त्यात चालण्यास नकार देऊ शकतात. फोनची हमी संपू शकते. शिवाय फोनच्या आतल्या चिपसाठी कंपनीने लिहिलेल्या काही आज्ञावल्या खुल्या नसतात. त्या स्वयंसेवकांना सुधारता येत नाहीत. त्यामुळे जुना फोन अगदी नव्यासारखा होत नाही. पण पुस्तक वाचायला, शब्दकोश पाहायला, धडा ऐकायला तो पुष्कळ दिवस उपयोगी पडतो. माझा तोच फोन आज माझी भाची अभ्यासाला वापरते.

मित्रांनो, हे काम मोठ्या जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करावे आणि घरात जो एकच फोन आहे, त्यावर कधीही करू नये. आज घरी गेलात, की खणातला तो जुना फोन चार्जिंगला लावा. नवी प्रणाली घालायची की नाही, हे सावकाश ठरवा. आधी त्यात कोणाकोणाचे आवाज आणि चेहरे आहेत ते पाहा आणि त्यांची प्रत काढून ठेवा.