जळकोट ते लंडन : ॲप सांगतं तेवढंच नसतं!

माझ्या चुलतभावाला लंडनला मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. सगळं घर खूश. फक्त आजीनं एकच प्रश्न विचारला, "मला काही कमी-जास्त झालं, तर किती टायमात येशील रं?"

दादानं मोबाइल काढला. मुंबई-लंडन, साडेनऊ तास. "आजी, सकाळी बसलो की संध्याकाळी इथं!"

पण आमचं जळकोट म्हणजे काही मुंबई नाही. (लातूर जिल्ह्यातलंही नाही बरं का! आमचं तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गच्या पुढचं.) म्हणून आम्ही वही घेऊन बसलो.

मुंबई-लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जळकोट-मुंबई रस्त्यानं जेमतेम साडेचारशे. तरी वेळ दोन्हींना जवळपास सारखाच, नऊ-दहा तास! त्यात विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर तपासणीची रांग, सामान. बेरीज गेली चोवीस तासांवर. २०२५ मध्ये सोलापूरहून मुंबईला विमान सुरू झालंय खरं, पण त्याची वेळ पुढच्या विमानाशी जुळायला हवी. हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा बरंच जवळ, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे हायवेला लागून डावीकडे जायचं की उजवीकडे, हेही तिकीट काढण्याआधी ठरवायला लागतं.

तिकिटावरच्या वेळा बघून तर डोकंच फिरतं. मुंबईहून दुपारी दोनला निघून लंडनला संध्याकाळी सातला पोचलो, तर पाचच तास झाले वाटतात. पण उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. ते धरले की साडेनऊ तास बरोबर निघतात. येताना मात्र थोडा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात.

वाटही कायम तीच नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या. म्हणजे ॲपवरचा आकडा बातम्यांवरही अवलंबून!

अर्थात पूर्वीपेक्षा आपण सुखीच. एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला निघालं. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते पोचलं १० जूनला.

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब एका वाक्यात संपवला. "म्हंजे मुंबईला जाऊन माघारी यायचं, वर थोडं बसायचं. एवढंच की!" मग जरा थांबून म्हणाली, "पण तिकीट ऐनवेळी मिळतंय का?"

यावर दादा गप्प. कारण ऐनवेळचं तिकीट मिळतं, पण बऱ्याचदा फार महाग.

बाहेर शिकायला निघालेल्या दोस्तांनो, फी, राहणं, जेवण यांचा हिशेब तुम्ही केलाच असेल. आजीचा हा प्रश्नही त्यात लिहा. दादानं जाण्याआधी एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकलेत. काहीही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही, असं आजीसमोर कबूल करून गेलाय.