सांधा पाहावा

लोहाऱ्याला आलेला पाहुणा इथं पाहण्यासारखं काय आहे असं विचारतो, तेव्हा बहुतेक जण हिप्परगा रवाचं नाव घेतात. स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते. त्यानंतर नाव येतं थेट नळदुर्गच्या किल्ल्याचं. मलाही नळदुर्गच पाहायचा होता. मात्र सोबतीला एक जुने गवंडी, मामा, होते. ते म्हणाले, "किल्ला मागून बघू सर. आधी पडलेली भिंत बघा, मंग उभी बघा."

म्हणून आम्ही आधी सास्तूरच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणात उतरलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, हा सगळा टापू भूकंपाने हादरला होता. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सरकारी मोजणीनुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. जुन्या गावठाणात आता बोरीबाभळी माजल्या आहेत, आणि त्यांच्या आडून दगडी भिंतींचे तुकडे डोकावतात.

मामा एका तुटक्या भिंतीच्या टोकाशी बसले आणि काठीने दाखवू लागले. तीन फूट रुंदीची भिंत. मोडल्यामुळे तिचं पोट उघडं पडलेलं. एक पदर बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, आणि मध्ये लहानमोठे दगड, कपच्या आणि मातीचा गारा नुसता भरलेला. या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा एकही दगड नाही. "लांबून बघितली तर एक भिंत. जवळून बघितली तर दोन," मामा म्हणाले. "धक्का बसला की एक पदर अंगणात जातो, दुसरा घरात."

आणि डोक्यावर माळवद. तुळया, त्यांवर सर, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरायची. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेला. उन्हाळ्यात त्याच मातीने घरं गार ठेवली आणि त्या पहाटे तीच माणसांच्या अंगावर आली. कितीतरी घरांत लाकडी खांब उभे राहिले नि भिंती तेवढ्या ढासळल्या. त्यानंतर या भागात दगडाच्या घराची धास्तीच बसली. मामांना हे पटत नाही. "दगडाला कशाला बोल लावता? त्याला कुणी बांधलंच नव्हतं. रचलं होतं."

हे वाक्य डोक्यात घेऊनच नळदुर्गला पोचलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर बंधारा घालून किल्ला शेजारच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला गेला. त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहू लागलं की इथले नर-मादी धबधबे सुरू होतात आणि माणसांची झुंबड उडते. आम्ही गेलो त्या दिवशी धबधबे कोरडे होते, त्यामुळे भिंत मोकळी दिसली.

अंधाऱ्या पायऱ्या उतरून आत गेलो. एका अंगाला अडवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला कमानीची खिडकी, आणि मध्ये आपण. धबधबा सुरू असला की याच खिडकीसमोरून पाण्याचा पडदा कोसळतो, महाल मात्र कोरडाच राहतो. मामांनी बॅटरीचा झोत नक्षीवर न टाकता दोन दगडांच्या मधल्या रेषेवर टाकला. काळे घडीव दगड, कडा टाकीने नीट काढलेल्या. खालचा सांधा वरच्या दगडाच्या मधोमध येईल अशी बेताची मांडणी. आणि सांध्यात चुना.

त्या चुन्याचीही एक रीत होती. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, वाळू घालून बैलाने फिरवलेल्या घाणीत दळायची. कुठे गुळाचं पाणी घालत, कुठे बेलफळाचं. बांधल्यावर हा चुना हवेतला वायू शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. घाई केलेली त्याला चालत नाही. मामांनी तरुणपणी घाणीवर काम केलेलं. "सिमेंट एका रात्रीत धरतं. चुन्याला वर्षं लागतात, पण तो श्वास घेतो." जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल आतच कोंडते आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. 'दुरुस्त' केलेल्या अनेक देवळांत हे उघड दिसतं.

आता ही तुलना पुरती न्याय्य नाही, हे सांगायला हवं. भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ होतं. नळदुर्ग तिथून बराच दूर. शिवाय एका बाजूला सुलतानाचा खजिना, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचं घर. शेतकऱ्याने शेतातला दगड आणि गावातली माती वापरली, कारण त्याच्याकडे तेवढंच होतं. पण आरपार दगड घालायला खजिना लागत नाही, माहिती लागते. भूकंपानंतर अभियंत्यांनी उभ्या राहिलेल्या घरांसाठी हाच उपाय सुचवला. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतात.

आपण वास्तू पाहायला जातो ते बुरूज मोजतो, तारीख लिहून घेतो, फोटो काढतो. बांधणाऱ्याची विद्या सांध्यात असते आणि तिथे कुणाचीच नजर जात नाही. नळदुर्गला जाल तेव्हा बॅटरी घेऊन जा आणि पाणीमहालात दोन मिनिटं दगडांमधल्या रेषा पाहा. आणि तुमचं घर अजून जुन्या दगडमातीचं असेल, तर परत आल्यावर जाणत्या गवंड्याला बोलावून त्या भिंतीचंही पोट एकदा तपासून घ्या.